खळ्यातला काटा

कळसाडीत रोशनीला तोंडावर सगळे वहिनी म्हणत आणि पाठ वळली की गासडी म्हणत. गासडी म्हणजे जिनिंगमधून दाबून, पट्ट्या आवळून बाहेर पडणारी कापसाची गाठ. नाव कुणी ठेवलं तेही तिला ठाऊक होतं. चुलत जावेने, एका लग्नात, फोटोवाला बायकांना ओळीत बसवत होता तेव्हा. "ती गासडीले कडेले बसाड रे भाऊ, नही ते आम्ही कोठे बठसूत?" सगळ्या हसल्या. रोशनीही हसली. अंगाने जड बाईला स्वतःवरच्या विनोदाला हसावंच लागतं. नाही हसली तर ती चिडते म्हणून आणखी एक विनोद होतो.

लग्न होऊन आली तेव्हा ती काडीसारखी होती, हे आज शपथेवर सांगितलं तरी कुणाला पटणार नाही. मुलाच्या, भाग्येशच्या, वेळच्या बाळंतपणात तिला ताप चढला तो उतरेच ना. दवाखान्यात पडून पडून तिचं चिपाड झालं. घरच्यांनी मनातून आशा सोडली होती. त्या वेळी सासूने, पार्वतीबाईंनी, सारंगखेड्याच्या दत्ताला हात जोडले आणि नवस बोलला, की सून भरल्या अंगाने घरी येऊ दे, तिला गुळात तोलीन. देवाने ऐकलं. जरा जास्तच ऐकलं.

नवस मात्र फिटायचा राहिला. आधी घरातली सुतकं, मग सासऱ्यांचं आजारपण, आणि मग रोशनीचं अंग. तुला म्हणजे मोठा तराजू. एका पारड्यात माणूस बसतं, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या चढवत जातात, माणूस उचललं जाईपर्यंत. लहान लेकरू बसलं तर किती गोड दिसतं. पण एका वर्षी यात्रेत रोशनीने एका शेठाणीला बसलेलं पाहिलं होतं. भेल्या चढत होत्या आणि भोवतीची पोरं ओरडत होती, "अजून एक!" ती शेठाणी हसत होती. ते हसू रोशनीच्या चांगल्याच ओळखीचं होतं. त्या दिवसापासून दर वर्षी मार्गशीर्ष आला, यात्रेत घोडे उतरले, की रोशनीचं काहीतरी दुखू लागे. "पुढल्या वर्षी फेडू," ती म्हणे. पुढल्या वर्षी ती आणखी थोडी भरलेली असे.

यंदा पोळ्याला पार्वतीबाईंनी निर्वाणीचं सांगितलं. "मन्हा डोया मिटाना पहिले फेड. देवनं देणं माले वर ली जावानं नही शे." म्हातारीचे गुडघे गेले होते, मोतीबिंदू झाला होता, आणि ती खोटं रडत नव्हती. रोशनी हो म्हणाली. मग खळ्यात कुणी नाही असं बघून कापूस तोलायच्या काट्यावर उभी राहिली. काट्याने त्र्याण्णव दाखवले.

हा काटा तिच्या नवऱ्याने, धर्मेंद्रने, दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलेला. खाली लोखंडी पाट, वर दांडीला लाल आकड्यांची पेटी. वेचणीच्या दिवसांत मजूर बाया गाठोडी आणून त्यावर ठेवत, धर्मेंद्र आकडा वाचे, त्यावर त्यांची मजुरी. एरवी काटा फडक्याखाली झाकलेला असे. रोशनी दुपारी फडकं काढी, चपला काढी, पैंजण काढी. मंगळसूत्र काढावं की नाही, यावर तिचं अडे. शेवटी ते ती गळ्यापासून वर उचलून हातात धरी, जणू त्याने काट्याला काही कमी लागणार होतं.

रोशनीचं घर शेतकरी गुजरांचं. आता गुजरांच्या घरात वजन उतरवायचं म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. तिथे खिचडीवर तूप पडतं ते चमच्याने नाही, वाटीने. ताटात काही ठेवलं तर वाढणारीचा अपमान, आणि मागून घेतलं नाही तर रुसवा. रोशनीने भात सोडला, चहातली साखर सोडली, दादर ज्वारीची एक भाकरी आणि पालेभाजी एवढ्यावर आली, तशा पार्वतीबाई घाबऱ्या झाल्या. "लोके काय म्हनतीन, मन्ही सून उपाशी ऱ्हास?" मग रोशनीने युक्ती काढली. ताट पूर्ण वाढून घ्यायचं, मागल्या ओट्यावर बसते म्हणायचं, आणि तूपभात तिकडे रुखमाबाईला द्यायचा.

रुखमाबाई सातपुड्यातल्या एका पाड्यावरची. दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला ती आणखी चौघी-पाचजणींना घेऊन वेचणीला येई आणि माघात परत जाई. खळ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची चूल असे. रोशनीला तिच्याकडे बघत राहावंसं वाटे. चाळिशीची बाई, पण गाठोडं डोक्यावर घेऊन चालली की पाठ सरळ, कंबर एवढीशी, कुठे म्हणून वळी नाही. एकदा रोशनीने तिला विचारलंच, "तू काय खास वं, रुखमाबाई?"

"जे भेटस ते," रुखमाबाई म्हणाली. "नही भेटनं ते पानी."

दोघी हसल्या. रोशनीला वाटलं, किती सोपं आहे हिचं. ह्या वाटण्याबद्दल तिला पुढे फार लाज वाटली, पण तेव्हा वाटलं हे खरं.

खाणं झालं, राहिलं चालणं. गावात बाई काम नसताना चालत नाही. रोशनी पहिल्या दिवशी पाटचारीच्या रस्त्याने निघाली, तर दारादारातून हाक. "कोठे चालनी वं वहिनी? गाडी नही का घर?" तिसऱ्या दिवसापासून ती हातात विळा आणि खांद्यावर पोतं घेऊन निघू लागली. आता कुणी विचारलं की म्हणायचं, चारा आणायला. दूर केळीच्या बागांपर्यंत जायचं, ऊस ओलांडायचा, आणि परत येताना खरंच मूठभर गवत कापून पोत्यात टाकायचं. म्हशीला ते गवत दाताखाली लागत नसेल. गुडघे दुखत, मांड्या घासून सोलवटत, संध्याकाळी ती तिथे खोबरेल लावी. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ती कुणाला सांगत नसे.

आणि तरी वजन उतरलं! पहिली वेचणी सुरू झाली त्या आठवड्यात तिने फडकं काढलं तर काटा नव्वद म्हणाला. ती उतरली, पुन्हा चढली. नव्वदच. त्या संध्याकाळी धर्मेंद्र हातपाय धुऊन बसला, तेव्हा तिने चहा देता देता सांगून टाकलं. तो क्षणभर कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दिसस ना. बारीक व्हई गयी तू."

पंधरा-सोळा वर्षांच्या संसारात धर्मेंद्र तिच्या अंगाविषयी चांगलं किंवा वाईट, एक शब्द बोलला नव्हता. माणूस सज्जन. व्यसन नाही, आवाज चढत नाही, गावात कुणाचंही अडलं की आधी हा. त्याच्या तोंडचे ते चार शब्द रोशनीने रुमालात बांधून ठेवावे तसे जपले. चालताना दम लागला की ते सोडून बघायचे, आणि पुढे चालायचं.

दुसरी वेचणी आली. सत्त्याऐंशी. तिसरी वेचणी आली, झाडांवर बोंडं विरळ झाली, मजूर बाया कमी कापसाला जास्त वेळ लागतो म्हणून किलोमागे वाढवून मागू लागल्या, आणि काट्याने त्र्याऐंशी दाखवले. दर वेळी ती धर्मेंद्रला सांगे. दर वेळी तो म्हणे, दिसतंय.

खरं तर दिसत काहीच नव्हतं. पोलकं होतं तिथेच घट्ट होतं, तर तिने ठरवलं की धुऊन कापड आटलं. बांगड्या निघत नव्हत्या, तर थंडीने हात सुजतात. चुलत जाऊ भेटली आणि म्हणाली, "काय वं, गुडघा बरा शे का?" तर हिला जळतंय. तिला आरशात गळ्याखालचं हाड दिसायला लागलं होतं. माणसाला जे बघायचं असतं ते आरसा कधी नाकारत नाही. यात्रेसाठी तिने आंबा रंगाची साडी काढली, आणि मनात एक चित्र धरलं. आपण पारड्यात बसलो आहोत, भेल्या चढताहेत, आणि कुणी ओरडायच्या आत पारडं अलगद उठतं. बस्. एवढंच तिला हवं होतं. बारीक व्हायचं नव्हतं, सुंदर व्हायचं नव्हतं. कुणी ओरडायच्या आत उठायचं होतं.

गूळ आणायचं काम धर्मेंद्रकडे. "त्र्याऐंशी," तिने ठासून सांगितलं. "वर दोन किलो देवना." तो मान हलवून गेला आणि दहा-दहाच्या आठ भेल्या नि एक पाचाची घेऊन आला.

यात्रेच्या दिवशी गर्दी तर मरणाची. एकीकडे घोडेबाजारात धूळ उडतेय, एकीकडे पाळणे, आणि देवळाच्या आवारात तुलेसाठी रांग. पार्वतीबाई खुर्चीवर बसून नातेवाइकांना सुनेचा दुखण्याचा इतिहास सांगत होत्या. रुखमाबाई आणि तिच्याबरोबरच्या बायाही सुट्टी म्हणून यात्रेला आल्या होत्या. तुलेचा गूळ प्रसाद म्हणून वाटतात, त्यासाठी त्या बाजूला उभ्या होत्या. रोशनीची पाळी आली. तिने पैंजण काढून ठेवले, दत्ताला हात जोडले आणि पारड्यात मांडी घालून बसली.

आठ भेल्या चढल्या. पाचाची चढली. पारडं जमिनीला चिकटलेलंच.

रोशनीला वाटलं, काही अडकलंय. तिने खाली हात घालून पाहिलं, पदर अडकला का. काही अडकलं नव्हतं. तराजूपाशी उभा असलेला माणूस म्हणाला, "गूळ कमी पडतो." मागून एक पोरगं ओरडलं, "अजून एक!" आणि मग सगळे ओरडले. कुणीतरी म्हणालं, "आते दोर तुटी जाई!" रोशनी हसली. तोंड आपोआप हसलं, शेठाणीचं हसलं होतं तसं.

तिने धर्मेंद्रकडे बघितलं. तो गोंधळला नव्हता. कुणाला काही न विचारता तो सरळ गाडीकडे गेला, मागचं दार उघडलं, पोत्याखालून एक पाचाची भेली आणि किलोकिलोच्या भेल्यांची पिशवी काढली आणि घेऊन आला. पाचाची चढली. पारडं थरथरलं, पण उठलं नाही. मग एक किलोची चढली, तेव्हा ते रोशनीला घेऊन हळूहळू जमिनीपासून सुटलं. टाळ्या पडल्या.

"देवले जास्ती गूळ भेटना, चांगलंच व्हयनं," पार्वतीबाई डोळे पुसत म्हणाल्या. त्यांना लाज कसली? त्यांनी भरल्या अंगाचीच सून मागितली होती.

वरून रोशनीला सगळं दिसत होतं. ओरडणारी पोरं, चुलत जाऊ, हातात गुळाचा खडा घेतलेली रुखमाबाई. पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. त्या भेल्या गाडीत आधीपासून होत्या. तिने त्र्याऐंशी सांगितलं होतं, आणि ह्या माणसाला एक्क्याण्णव माहीत होते.

घरी आल्यावर साडी न बदलता खळ्यात गेली. कोपऱ्यात युरियाची न फोडलेली गोणी होती, पंचेचाळीस किलोची. ती ओढत ओढत तिने काट्यावर चढवली. लाल आकडे थोडे पळाले आणि एक्केचाळिसावर थांबले. ती तशीच गोणीवर हात ठेवून उभी राहिली. धर्मेंद्र दारात येऊन उभा होता, हे तिला जरा उशिरा दिसलं.

"इतलं काय मनले लाई लेवानं?" तो हळूच म्हणाला. "बठ्ठा गावमा आशेच शे. वेचनी पातळ व्हयनी का बाया जास्ती मांगतस. तितलं काटामा वळतं करानं पडस." दर वेचणीला थोडा थोडा त्याने काटा खाली आणला होता. त्यात तिचं वजन येईल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मंग माले बारीक व्हई गयी आशे कसाले सांगं तुम्ही?"

तो म्हणाला, "तू कितली खूश व्हती. मंग काय सांगू मी?"

खरं बोलत होता तो. त्याने चोरी केली होती ती रुखमाबाईच्या गाठोड्यातून, आणि बायकोला मात्र त्याने सुख द्यायला पाहिलं होतं. रोशनीने गोणीवरचा हात काढून घेतला. तिच्या अंगावरून उतरलेला एकेक किलो हा त्या बायांनी वेचलेला, डोक्यावरून वाहून आणलेला कापूस होता. तिचं स्वतःचं असं काय उतरलं? त्र्याण्णवचे एक्क्याण्णव. एवढ्या महिन्यांची भूक, सोलवटलेल्या मांड्या, म्हशीला न लागणारं गवत, आणि दोन किलो. दोन किलो म्हणजे काही थोडं नाही बाई, अंग असंच उतरतं, मुंगीच्या पावलाने, असं सांगणारं तिच्याजवळ कुणी असतं तर कदाचित तिने ते मानलंही असतं. पण कुणी नव्हतं. आणि त्र्याऐंशी बघितलेल्या डोळ्यांना एक्क्याण्णव हे उतरलेलं दिसत नाही, चढलेलंच दिसतं.

शेवटच्या वेचणीला तिने एक गोष्ट करायची ठरवली. कुणाला सांगितलं नाही. संध्याकाळी बाया गाठोडी घेऊन खळ्यात आल्या, धर्मेंद्रने फडकं काढलं, आणि रुखमाबाई गाठोडं उतरवणार तेवढ्यात रोशनी पुढे झाली आणि काट्यावर उभी राहिली. चपला घालून, मंगळसूत्र गळ्यात, सगळ्यांसमोर. जन्मात पहिल्यांदा. काट्याने ब्याऐंशी दाखवले.

"दख, रुखमाबाई," ती म्हणाली. "हाऊ काटा खोटा शे. देवळमा मी कितली भरनी, तू दखं ना? एक्क्याण्णव. आणि हाऊ काय सांगस, दख."

तिला वाटलं होतं, धर्मेंद्र तिला हाताला धरून खाली ओढेल. बाया ओरडतील, भांडतील, हिशोब मागतील. तिचं हे अंग, सगळ्या यात्रेने मोजलेलं, एकदा तरी कुणाच्या कामाला येईल. धर्मेंद्र नुसता उभा राहिला, खाली बघत. बायाही उभ्याच. एकीने पदराने तोंडावरची धूळ पुसली.

"उतर बाई," रुखमाबाई म्हणाली. "दिन डुबी ऱ्हायना. आम्हले चूल पेटाडानी शे."

"तू ऐकं ना मी काय सांगं ते?"

"आम्हले मालूम शे."

"कवयपासून?"

"पहिलेपासून. गाठोडं आम्ही डोकावर आनतस. डोकाले समजस ना, कितलं शे ते." ती रागावून बोलत नव्हती. लेकराला समजावतात तसं सांगत होती. "दुसरा मळामा बी काटा आशाच शे. आठे तू सांजले तूपभात देस. म्हनीसन आम्ही आठेच ऱ्हातस."

रोशनी खाली उतरली. रुखमाबाईने गाठोडं पाटावर ठेवलं, धर्मेंद्रने आकडा वाचला, नेहमीसारखा. दुसरं गाठोडं आलं, मग तिसरं. आता थांबवायला तिच्याजवळ काही उरलं नव्हतं. जे सगळ्यांना ठाऊक होतं ते तिने ओरडून सांगितलं होतं. त्या काट्यावर ह्या खळ्यात खरोखर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती. आणि तिने जो घास सोडला, तोच ह्या बायांना रोज ह्याच काट्यापाशी आणून उभं करत होता.

अंधार पडायच्या आत पार्वतीबाईंनी हाक मारली, ताट वाढलंय. रोशनी ताट घेऊन मागल्या ओट्यावर जाऊन बसली. भात गरम होता, तूप वितळून कडेला आलं होतं. आपण खावं तर ती बाई उपाशी. तिला द्यावं तर ती पुढल्या दसऱ्याला पुन्हा इथेच येणार. रोशनीला खूप भूक लागली होती, आणि गिळवतही नव्हतं. तिने पहिल्यांदा मोठ्याने रडून घेतलं.

शेडकडून रुखमाबाई आपली जर्मनची वाटी घेऊन आली आणि पायरीपाशी उभी राहिली. रडणं तिने ऐकलं असणार. रोशनीने डोळे पुसले आणि ताटातला भात तिच्या वाटीत घातला.

"तू खादं का?" रुखमाबाईने विचारलं.

"हां," रोशनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाटचारीच्या रस्त्याला रोशनी दिसली नाही. विळा गोठ्याच्या कुडाला खोचलेला होता, तो तसाच राहिला.